उजेड पब्लिसिटीचे शांतवन मास्तर

"तुम्ही काय काम करता?" असं कुणी विचारलं की शांतवन मास्तर म्हणायचे, "मी लोकांना थांबवतो."

विचारणारा गोंधळायचा. मास्तर पोलीस असतील असं त्यांच्याकडे बघून कुणालाच वाटलं नसतं. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, अंगात तपकिरी कोट आणि त्याच्या उजव्या बाहीला कुठला ना कुठला रंग लागलेला. मग ते समोरच्या भिंतीकडे बोट दाखवत. "ती बघा. ती बघताना तुम्ही थांबलात ना? तेवढंच माझं काम."

मी त्यांना ओळखायला लागले ते शिरूरला, मिशनच्या शाळेत. मी मुलींना मराठी शिकवत असे, ते मुलांना चित्रकला. पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. परदेशातून मिशनला येणारा पैसा आटत चालला होता आणि आटणाऱ्या पैशाचा पहिला घाव चित्रकलेवर पडतो. हेडमास्तरांनी त्यांना बोलावून सांगितलं की चित्रकलेचा तास बंद होतोय, पण तुम्ही खालच्या वर्गांना गणित शिकवा, नोकरी राहील. मास्तर म्हणाले, "साहेब, माझे सात आठे दर वेळी वेगळे येतात. पोरांचं नुकसान होईल." आणि त्यांनी राजीनामा दिला. हे त्यांनी चिडून केलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावरचं फिकं पडलेलं नाव पुन्हा रंगवून दिलं आणि मगच गेले.

गेले ते दौंडला. त्यांच्या पत्नी रत्नमालाबाई शिरूरच्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, त्या तिथंच राहिल्या. मास्तर शनिवारी एस.टी.नं यायचे, रविवारी सकाळच्या उपासनेला मागच्या बाकावर बसून सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गायचे आणि सोमवारी परत. पुणं जवळ असताना दौंड कशाला, असं सगळेच विचारत. मास्तरांचं उत्तर ठरलेलं. "पुण्यात माणूस घाईत असतो. दौंडला गाडीचं इंजिन बदलतात. माणसाचा चहा पिऊन होतो, तंबाखू मळून होते, तरी गाडी उभीच. मग तो बिचारा मिळेल ते वाचतो."

स्टेशनच्या मागं धान्याच्या एका रिकाम्या वखारीत त्यांनी 'उजेड पब्लिसिटी' सुरू केली. वखारीला खिडकी नव्हती, म्हणून नाव उजेड, असं ते सांगत. पहिलं काम एका सोडावॉटरवाल्याचं. मग पुण्याच्या एका केसांच्या तेलाचं, मग बियाण्यांच्या दुकानाचं. चित्रं होत होती, पण त्याखालचा मजकूर काही जमेना. एका रविवारी उपासना संपल्यावर ते मला म्हणाले, "बाई, मला रेघ येते, वाक्य येत नाही. तुम्ही येता का?"

माझी आई म्हणाली, "मिशनची सुखाची नोकरी सोडून रंगाऱ्याच्या वखारीत?" तेव्हा रत्नमालाबाई स्वतः आमच्या घरी आल्या. आईशेजारी बसून शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "माणूस विचित्र आहे, पण खोटा नाही. माझी हमी." आईनं त्या हमीवर मला पाठवलं. दौंडला एका रेल्वे गार्डच्या कुटुंबात माझी राहण्याची सोय झाली.

मी लिहिलेला प्रत्येक मजकूर मास्तर टेबलावर ठेवायचे आणि एकेका शब्दावर तळहात ठेवून बघायचे. "आता वाचा. काही अडलं?" नाही अडलं, की तो शब्द गेला. मी एकदा साबणासाठी 'सुगंधी, शुभ्र, मुलायम आणि सर्वांगसुंदर' असं लिहिलं होतं. मास्तरांच्या तळहाताखालून शेवटी फक्त 'फेस भरपूर' एवढंच बाहेर आलं. मला राग आला. तो बोर्ड केडगावच्या बाजारात लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात दुकानदार सांगत आला, "बाया येऊन म्हनत्यात, ते फेस भरपूर द्या." साबणाचं नाव कुणाला आठवत नव्हतं. मास्तर जरा विचारात पडले. "थोडं जास्तच कमी केलं," असं मान्य करून त्यांनी नाव मोठं रंगवलं.

त्यांची एक खोड मात्र त्रासाची होती. वाटेत कुणाची पाटी चुकीची दिसली की त्यांना पुढं जाववत नसे. खिशात बारीक कुंचला आणि काळ्या रंगाची डबी असायचीच. शिक्रापूरला रस्त्याच्या कडेला एक हॉटेल होतं, त्यावर 'ताजे दुध' लिहिलेलं. मास्तर मालकाला न विचारता स्टुलावर चढले आणि दु दीर्घ करून आले. महिन्याभरानं आम्ही त्याच वाटेनं जात होतो, तर मालक आडवा आला.

"तुमीच ना ते? काय केलंत त्या पाटीला?"

"चूक होती, ती दुरुस्त केली."

"दुरुस्त? तवापासनं गिऱ्हाईक इचारतंय, दूध बदललं का म्हनून. म्हशी त्याच, पानी तेवढंच. आता काय सांगू?"

मास्तरांनी दोन्ही हात जोडून माफी मागितली, तिथंच बसून दूध प्यायले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दूध तेच आहे हो." वेलांटी-उकाराची सवय त्यानंतरही गेली नाही. फक्त ते आधी विचारू लागले.

उजेडचं नाव झालं ते एका चहाच्या भिंतीमुळं. मुंबईत एका इंग्रजी जाहिरात कंपनीची शाखा होती. लंडनला मुख्य कचेरी, कोलंबोला एक, नैरोबीला एक. त्यांच्याकडे चहाचं काम होतं आणि चहा खेड्यांत न्यायचा होता. प्रयोग म्हणून त्यांनी शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या भिंती उजेडला दिल्या. मास्तरांनी तळेगाव ढमढेऱ्यात, बाजाराच्या मैदानाला लागून असलेल्या एका मोठ्या भिंतीवर चित्र काढलं. शेतातून आलेला नवरा ओट्यावर बसलेल्या बायकोला कपबशी देतोय. त्यांच्या घरी तसंच चाले. रत्नमालाबाई दवाखान्यातली पाळी संपवून आल्या की मास्तर चहा करत. त्यात काही वेगळं आहे हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी भिंतीपुढं ही गर्दी. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हातारी आपल्या नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली आणि चित्रापुढं उभं करून म्हणाली, "बगा. डोळं भरून बगा." पुरुषमंडळी मात्र बिथरली. संध्याकाळी पाटलांचा निरोप आला.

पाटील सभ्य माणूस होते. त्यांनी मास्तरांना घोंगडीवर बसवलं. "मास्तर, चित्र झ्याक हाय. पर गावात चार घरांत भांडनं लागली. बाया म्हनत्यात, भिंतीवर चालतंय तर घरात का न्हाई? तेवढं उलटं करा. बाई कप देती हाय, असं."

मास्तर म्हणाले, "उलटं केलं तर भिंतीपुढं कुणी थांबणार नाही, आप्पा. ते तर रोजच बघतात."

"मंग काय करावं म्हंता?"

"उद्या बघा," असं म्हणून मास्तर उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्रातल्या दोघांचे हात पुसले आणि नवे काढले. आता कपबशी दोघांच्या मधोमध होती, दोघांचीही बोटं बशीला लागलेली. कोण देतंय आणि कोण घेतंय ते सांगता येत नव्हतं. पाटील येऊन बघून गेले आणि म्हणाले, "आता ज्याला जे दिसंल ते." भांडणं मिटली नाहीत, पण ती आता चित्रावरून होऊ लागली, आणि त्यात चहाचं नाव सारखं येत राहिलं.

मुंबईच्या शाखेचे मुख्य, हॅरिस साहेब, ही भिंत बघायला स्वतः आले. लाल चेहऱ्याचा, हळू बोलणारा, विचारी माणूस. ते भिंतीपुढं टोपी काढून उभे राहिले आणि नुसतं हसत राहिले. पुढं ते चित्र कोलंबोला गेलं, नैरोबीला गेलं. कपडे बदलले, चेहरे बदलले, कपबशी मधोमधच राहिली. एका वर्षात कंपनीनं उजेडला आपली ग्रामीण शाखा करून घेतलं. वखारीच्या जागी स्टेशनरोडला कचेरी आली, पुण्यात दुसरी झाली, पडदा आणि प्रोजेक्टर लावलेल्या मोटारी आल्या. दौंडहून निघालेली आमची मोटार सोलापूर, नगर करत पार मराठवाड्यात जायची. आमच्या पत्राच्या कागदावर तळाशी लंडन, मुंबई, कोलंबो, नैरोबी, दौंड अशी ओळ छापलेली असे. पोस्टमन ती ओळ दर वेळी मोठ्यानं वाचायचा आणि दौंडवर जोर द्यायचा.

कंपनीनं मास्तरांना काही महिने नैरोबीला पाठवलं, तिथल्या लोकांना भिंतींचं काम शिकवायला. बोटीनं गेले. परत आल्यावर आम्ही सगळे जमलो, आता सिंहाच्या गोष्टी ऐकायच्या म्हणून. मास्तर म्हणाले, "सिंह काही दिसला नाही. एक पाटील भेटला. तिथं त्याला दुसरं काही म्हणतात. म्हणाला, पुरुषानं बाईला कप दिलेला आमच्याकडे चालत नाही." एवढं सांगून ते इतके खूश होऊन हसले, की जणू मोठा खजिनाच घेऊन आले होते.

मग लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीचं काम आलं. परदेशी कारखाना, आजवरचं सगळ्यांत मोठं काम. हॅरिस साहेबांनी मुंबईहून फोन करून सांगितलं की हे नीट झालं तर उजेडच्या धर्तीवर आणखी देशांत शाखा निघतील आणि त्या मास्तरांच्या हाताखाली असतील. मास्तरांनी बाळ काढलं. गुबगुबीत, दंडाला वळ्या, हसरं, हात पुढं केलेलं, आणि शेजारी डबा. मी लिहिलं, 'बाळ असं व्हावं'. त्यावर मास्तरांनी तळहात ठेवलाच नाही. म्हणाले, "यातलं काही काढता येत नाही." मला फार आनंद झाला. त्या उन्हाळ्यात ते बाळ गावोगावच्या भिंतींवर उमटलं. लोकांना ते इतकं आवडलं की काही ठिकाणी त्याच्या गालाला तीट लावलेली असायची.

पाऊस संपून गेल्यावर तळेगावच्या बाजारात एक तरुण बाई मास्तरांना शोधत आली. मळ्यातली, भाजी घेऊन आलेली. कडेवर मूल होतं. तिनं मास्तरांना नमस्कार केला. "तुमीच ना बाळ काढलं ते? म्या बी तेच देती ह्याला. अंगावरचं बंद केलं. डबा लई म्हाग, पर म्या पुरवून पुरवून वापरती." ती अभिमानानं सांगत होती. एक चमचा आणि तांब्याभर पाणी, पाटाचं.

मूल रडत नव्हतं. मास्तरांनी त्याच्या काडीसारख्या दंडाला हात लावला. मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो, पण त्याचं वर्णन करायचा प्रयत्न मी करणार नाही. त्यांनी तिची भाजीची पाटी उचलून शेजारच्या बाईच्या हवाली केली आणि म्हणाले, "ताई, चला. शिरूरला जाऊन येऊ."

मोटारीनं आम्ही मूल दवाखान्यात आणलं. रत्नमालाबाईंनी ते उघडं करून तपासलं, डॉक्टरांना हाक मारली. मूल वाचलं, पण बरेच दिवस कुणालाच खात्री नव्हती. पहिल्या संध्याकाळी रत्नमालाबाई व्हरांड्यात आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "या महिन्यातलं हे काही पहिलं मूल नाही. मी तुम्हाला सांगणारच होते. आधी वाटलं, योगायोग असेल."

मास्तरांनी लगेच काम सोडलं असं मात्र झालं नाही, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं लोक त्यांना हट्टी म्हणाले. काही आठवडे त्यांनी दुसरीच चित्रं काढली. चुलीवर उकळणारं पाणी, सपाट भरलेला चमचा, किती पाण्याला किती चमचे. ती घेऊन मळ्यामळ्यांतून हिंडले, बायांना दाखवली. बायांना चित्रं बरोबर कळत होती. त्यातली एक म्हणाली, "समजलं की, मास्तर. पर असं केलं तर डबा चार दिसांत सरंल. मंग?" त्या 'मंग'चं चित्र मास्तरांना काढता आलं नाही.

मुंबईच्या कचेरीत मी त्यांच्याबरोबर गेले, इंग्रजी लागेल म्हणून. हॅरिस साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण डब्यावर सूचना स्पष्ट छापल्या आहेत, मास्तर. मराठीतही आहेत."

मास्तर म्हणाले, "वाचता येत असतं तर मी चित्र कशाला काढलं असतं?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, हे काम आपण सोडलं तर दुसरी कंपनी उद्या घेईल, आणि त्यांच्याकडे तुमच्यासारखा माणूसही नसेल. मास्तर म्हणाले, "घेऊ दे. माझं बाळ त्यांना मिळणार नाही, एवढं बघा." साहेब म्हणाले की तेही त्यांच्या हातात नाही, चित्र कारखान्याच्या मालकीचं आहे. मास्तरांनी मान हलवली. उठताना त्यांनी साहेबांशी हात मिळवला आणि साहेबांनी तो बराच वेळ सोडला नाही.

मास्तरांनी कंपनी सोडली; उजेडचं नाव, मोटारी, कचेऱ्या सगळं कंपनीकडे राहिलं. आम्ही माणसंही. मास्तरांनी एकेकाला बोलावून सांगितलं, "तुम्ही जाऊ नका. तुमच्या घरी चुली आहेत." मला म्हणाले, "बाई, तुम्ही राहिलात तर निदान शब्द तरी खरे राहतील." मी राहिले. दुधाचं काम कंपनीनं माझ्याकडे पुन्हा दिलं नाही.

त्या हिवाळ्यात मास्तर एका सायकलला चुन्याची बादली अडकवून गावोगाव फिरले. घरमालकाला विचारायचं, हो म्हणाला की बाळाची भिंत पांढरी करायची. रविवारी मी शिरूरला आले की कधीकधी त्यांच्याबरोबर जायची. बहुतेक लोक हो म्हणायचे, थोडे हळहळायचे. सणसवाडीच्या अलीकडे एका वस्तीवर मात्र एक आजी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"चुना लावायचा न्हाई."

"आजी, हे चित्र चुकीचं आहे. माझीच चूक आहे ती."

"चूक आसंल तुमची. त्येची न्हाई." त्यांनी मागं न बघता हात मागं करून बाळाच्या पायावर ठेवला. "माजा नातू गेला श्रावनात. त्यो गेल्यापास्नं सून कुनाशी बोलत न्हवती. आता सकाळी ह्याच्याशी बोलती. तुमी पुसा, आन् मंग तिला सांगा, कुठं गेला म्हनून."

मास्तर चुन्याची बादली खाली ठेवून मातीतच बसले. नातू कशानं गेला, हे विचारायचं त्यांच्या ओठावर आलं होतं, मला दिसलं. त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळानं उठून त्यांनी फक्त डबा पुसला. मी लिहिलेले शब्द पुसले. बाळाचा पुढं केलेला हात मोकळाच राहिला होता, तो बरा दिसेना. मास्तरांनी खिशातला बारीक कुंचला काढला आणि त्या हाताच्या टोकाशी एक मोठं बोट काढलं, बाईचं, हिरव्या बांगडीच्या हातातलं. बाळानं ते धरलेलं. दारात एक तरुण बाई येऊन उभी राहिली होती. मास्तरांचं काम होईपर्यंत ती आत गेली नाही.

पुढं मास्तरांनी शिरूरजवळ नदीकाठी थोडी जमीन खंडानं घेतली आणि त्यात झेंडू-शेवंती लावली. फुलं त्यांना फारशी जमली नाहीत. उरलेल्या वेळात दुकानांच्या पाट्या, बैलगाड्यांवरची नावं, शाळेच्या नाटकाचे पडदे. मी पुण्याला गेले, नंतर मुंबईला. कंपनी वाढत गेली. सिंगापूरला शाखा निघाली, बैरूतला निघाली. हॅरिस साहेब निवृत्त होऊन आपल्या देशी परतले.

साठचं दशक संपता संपता मी आईला भेटायला शिरूरला गेले होते. परतायच्या दिवशी मास्तर मला सोडायला एस.टी. स्टँडवर आले. केस पूर्ण पांढरे झालेले, कोट तोच नसावा पण तसाच. त्यांनी नव्या शाखांची नावं विचारली आणि प्रत्येक नाव हळूच स्वतःशी म्हणून बघितलं. बैरूत त्यांना फार आवडलं.

मी विचारलं, "मास्तर, कधी वाटतं का हो, कंपनीत राहायला हवं होतं म्हणून?"

"वाटतं की," ते म्हणाले. "विशेषतः फुलं सडली की वाटतं." आणि मग, "पण रत्नमालानं त्या दिवशी जे सांगितलं, ते ऐकून घेतल्यावर मला भिंतीपुढं उभं राहता येत नव्हतं, बाई. हातून काम व्हायचं नाही मग. दुसरं काही नाही."

गाडी आली. जागा खिडकीशी मिळाली. कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी वळण घेऊ लागली, तेवढ्यात मास्तरांना काहीतरी आठवलं. ते चार पावलं धावले, दोन्ही हात तोंडाशी धरून मला काहीतरी ओरडून सांगू लागले. इंजिनाचा आवाज, मागं ट्रकचा हॉर्न. मी खिडकीतून बाहेर वाकले.

शेजारच्या बाईनं विचारलं, "काय म्हनत्यात ते?"

"ऐकू नाही आलं," मी म्हणाले.

मास्तरांनी पुन्हा एकदा सांगून बघितलं. मग त्यांच्या लक्षात आलं की काही उपयोग नाही. ते थांबले, हसले, आणि राहू दे, जा, असा हात हलवत तिथंच धुळीत उभे राहिले.